हातचा

सोहार बंदराच्या मागे, जिथे रस्त्यांना नावं नसून नुसते आकडे आहेत,
वजनकाट्याच्या खिडकीत मी बसते.
ट्रक येतो भरलेला, जातो रिकामा.
त्यातली वजाबाकी म्हणजे शहर.

मंगळवारी आणि शनिवारी हातमोजे चढवून
पन्नास किलोंचा ढीग चिमट्याने निवडायचा.
खजुराच्या बिया, पुठ्ठा, सुती चिंध्या, पॅलेटचं लाकूड :
यांचा धूर शून्य धरायचा.
कधीकाळी झाड होतं म्हणे, त्याने आधीच फेडलंय.
पाण्याच्या बाटल्या, चपलेचे तळ, पॉलिस्टरची ओढणी :
यांचा मोजायचा.
डायपरपाशी मी दर वेळी अडते.
आतला लगदा शून्यात, वरचं प्लास्टिक मोजणीत,
आणि बाळाचं जे आहे
त्याला रकानाच नाही.

चिमणीतून मात्र एकच धूर निघतो, न निवडलेला.

यंदापासून भट्टीही बाजारात आली.
म्हणजे धुराला परवाना, परवान्याला भाव,
भावाला सकाळ-संध्याकाळचा चढउतार.
आमचा सुपरवायझर खलफान
पूर्वी चहाबरोबर उंटांच्या शर्यती बघायचा, आता
टनाचा दर बघतो आणि चहा निवतो.

मार्चपर्यंत तीनपैकी दोन भट्ट्या थंड.
कचरा कमी झाला नव्हता.
नवं यंत्र आलं होतं. कचरा वाळवतं, कातरतं,
दाबून गठ्ठा करतं, पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळतं.
त्या क्षणापासून त्याला कचरा म्हणायचं नाही.
इंधन म्हणायचं.
लग्नात माझंही नाव बदललं होतं.
वजन तेवढंच राहिलं.

बाणकोटचा मुनीर परकार फोर्कलिफ्टवरून
गठ्ठे धक्क्याला लावतो, अंड्यासारखे, जपून.
फाटलेल्या एका कोपऱ्याशी समुद्रपक्षी भांडतात.
जहाज कुठे जातं ते त्याला ठाऊक नाही, मलाही.
कुठल्यातरी सिमेंटच्या भट्टीत, पाण्यापलीकडे.
माझ्या तक्त्यात त्या गावाचं नाव ‘बाहेर’ आहे.

निर्यात : चार हजार दोनशे बारा टन.
धूर : आडवी रेघ.
शून्यसुद्धा नाही. शून्याला निदान
गोल काढावा लागतो, हात फिरवावा लागतो.

तपासनीस आली तेव्हा तिने रेघेवर बोट ठेवलं,
विचारलं, तिकडे मोजतात ना?
खलफान म्हणाला, मोजत असतील.
तिने टिचकी मारली : बरोबर.
बुटांवरची राख झटकून ती गाडीत बसली.

दाभोळच्या शाळेत टेमकर बाई
बेरीज तपासताना आधी आमची बोटं बघायच्या.
एककाचं घर ओलांडून दशकाच्या घरी जाताय ना,
मग रिकाम्या हाताने जायचं नाही, गं.
हातचा बोटावर धरा.
तो विसरलात तर उत्तर नीटनेटकं दिसेल,
आणि खोटं असेल.

काल जहाज सुटलं तेव्हा माझी करंगळी आपोआप मिटली.
मुनीर म्हणाला, काय झालं हाताला?

तक्त्यात शेवटी शेऱ्यासाठी दोन बोटं जागा असते.
तिथे मी पेन्सिलीने लिहिलं : हातचा, ४२१२.
खलफानने वही उलटीसुलटी करून पाहिली.
ही कुठली लिपी? दुवा आहे का?
नाही, म्हटलं. हिशेब.
हिसाब, तो म्हणाला. आमचाच शब्द.
मग बराच वेळ तो वर बघत राहिला.
त्याच्याकडे एका दिवसाचंही ते नाव आहे,
शेवटच्या.

त्याने खोडरबर मागितलं नाही.
टेबलावर होतंच ते, त्याच्या चहाशेजारी.

खिडकीबाहेर हॉर्न वाजला.
भरलेला.